बोटं पांढरी पडतात, तेव्हा छातीकडेही पाहा

थंडीच्या दिवसांत गार पाण्यात हात घातला की काही जणांची बोटं पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये या तक्रारीचं वर्णन केलं. पुष्कळांच्या बाबतीत त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण त्याच्या जोडीला बोटांची कातडी ताठरली, अंगठी निघेनाशी झाली, तोंड पूर्ण उघडेना, तर सिस्टेमिक स्क्लेरोसिस या आजाराची शंका घ्यावी लागते. यात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो.

हा आजार कातडीपुरता राहत नाही. साधारण दहातल्या एका रुग्णाच्या फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते. पुढे काय होतं, हे सांगताना मी पंचगंगेचं उदाहरण देतो. कृष्णा दुथडी भरली की नृसिंहवाडीच्या संगमापाशी पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो. तसाच फुप्फुसातला दाब मागं हृदयाच्या उजव्या कप्प्यावर येतो. हा कप्पा पातळ भिंतीचा, कमी दाबाची सवय असलेला. तो आधी जाड होतो, मग फुगतो, शेवटी थकतो. दंडावर मोजलेला रक्तदाब मात्र अगदी व्यवस्थित असू शकतो! जिना चढताना दम लागला, तर घरची माणसं म्हणतात, वय झालं, अंगात रक्त कमी आहे. यातच मोलाचे महिने निघून जातात.

म्हणून या रुग्णांनी दम लागण्याची वाट न पाहता दरवर्षी इको आणि श्वसनक्षमतेची तपासणी करून घ्यावी. इको स्वस्त आहे, सहज होतो. पण तो दाबाचा अंदाज देतो. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. पातळी कळली, तरी काठ किती खचला हे कळत नाही. तो काठ दाखवण्याचं काम हृदयाचा एमआरआय करतो. उजवा कप्पा किती फुगला, दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतो, दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे ढकलला गेला आहे का, फुप्फुसाच्या मुख्य धमनीतून किती रक्त वाहतं, हे त्यात मोजता येतं. हा आजार हृदयाच्या स्नायूतही व्रण पाडतो, तेही दिसतात.

तपासणीला पाऊण ते एक तास लागतो. क्ष-किरण नसतात. मधूनमधून काही सेकंद श्वास रोखावा लागतो. ज्यांना ते जमत नाही त्यांनी आधीच सांगावं. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर तेही सांगायलाच हवं, कारण शिरेतून द्यायचं औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. प्रत्येक एमआरआय केंद्रावर हृदयाची तपासणी होतेच असं नाही. जाण्याआधी फोन करून विचारलेलं बरं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. एमआरआय थेट दाब मोजत नाही. अंतिम निदान शिरेतून उजव्या हृदयात बारीक नळी घालूनच होतं. फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब पूर्वी पाऱ्याचे २५ मिलिमीटर झाला की आजार मानत. २०२२ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी ही मर्यादा २० च्या वर अशी खाली आणली. उद्देश हाच, की आजार लवकर सापडावा. एमआरआयचा उपयोग त्याच्या आगेमागे: शंका पक्की करायला, आणि औषधं सुरू झाल्यावर उजवा कप्पा सावरतोय की थकतोय हे पाहायला.

आजार मुळापासून जात नाही, पण त्याची चाल मंदावणारी औषधं आज आहेत. उजवा कप्पा थकण्याआधी ती सुरू झाली, तर जास्त उपयोग होतो. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना बोटं दाखवाल, तेव्हा एवढं जरूर विचारा: माझा इको शेवटचा कधी झाला?