नैऋत्येचा वारा म्हणजे कुठून कुठे?



रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगताना 'वारे नैऋत्येकडून वाहतील' असे शब्द येतात. ऐकणारे काहीजण समजतात, वारा नैऋत्येला चालला. तसे नाही. वारा जिकडून येतो त्या दिशेचे नाव त्याला द्यायचे, ही दर्यावर्दी लोकांची जुनी रीत. नैऋत्येचा वारा नैऋत्येकडून निघून ईशान्येकडे जातो.

कोकणातले मच्छीमार हेच पाळतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. तो मतलई वारा. दिवसा जमीन लवकर तापते, मग समुद्राकडून येतो तो खारा वारा. शिडाची होडी पहाटे मतलईवर बाहेर पडायची अन् दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायची.

आता म्हणाल, साखऱ्याच्या शिवारात समुद्र कुठला? पण फवारणीच्या पंपाला हा नियम जहाजाइतकाच लागू आहे. खळ्यावर उपणताना भुसा पडतो ती वाऱ्याची खालची बाजू, अन् वारा येतो ती वरची. औषधाचा तुषारही भुशासारखाच खालच्या बाजूला जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरू नका.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येचा असतो. तरी फवारणीआधी मूठभर बारीक माती सोडून पाहा. वारा पश्चिमेचा असेल तर:

१. शेताच्या पूर्वेच्या धुऱ्यापासून सुरुवात करा. दक्षिणोत्तर चाला आणि दर फेरीला पश्चिमेकडे सरका. म्हणजे फवारलेले ओले पीक खालच्या बाजूला राहील, अन् तुम्ही कोऱ्या पिकात.

२. नोझल पूर्वेकडे धरा. वाऱ्याला तोंड देऊन कधीही फवारू नका. तासे पूर्व-पश्चिम असतील तर वारा मंद होईपर्यंत थांबा.

३. पूर्वेला कोणाचा कापूस, वैरण, विहीर आहे का ते पाहा. टू-फोर-डी तणनाशकाचा थोडा तुषारही कापसाची पाने आकसवतो. शेजाऱ्याचे नुकसान अन् भांडण, दोन्ही टळेल.

वाऱ्याचा वेग ओळखायलाही दर्यावर्दींचीच मदत आहे. ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याचे शून्य ते बारा असे टप्पे पाडले. दुसऱ्या टप्प्यात तोंडाला वारा लागतो, पाने सळसळतात. वेग ताशी ६ ते ११ किलोमीटर. तिसऱ्यात पाने व बारीक डहाळ्या सारख्या हलतात; वेग १२ ते १९. डहाळ्या सारख्या हलू लागल्या की पंप खाली ठेवा. पहाटे अगदी पान हलत नाही, तेव्हाही घाई नको. अशा कोंडलेल्या हवेत बारीक तुषार तरंगत राहतो अन् भलतीकडे सरकतो.

फवारताना अंगभर कपडे, हातमोजे, तोंडाला मास्क अन् डोळ्यांना चष्मा हवाच. गड्यालाही तो द्या. डोके दुखले, मळमळले, घाम सुटला किंवा नजर अंधुक झाली तर काम ताबडतोब थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा अन् औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

पेरणीला जशी वाफ बघता, तसा फवारणीला वारा बघा.