परींच्या गढ्या

आयर्लंडच्या हिरव्या कुरणांत ठिकठिकाणी मातीचा एक वर्तुळाकार बांध दृष्टीस पडतो. भोवती खंदक, बांधावर काटेरी झुडपे. आणि शेतकऱ्याचा नांगर मात्र त्याला वळसा घालून जातो. लोक या जागेला परींची गढी म्हणतात.

वस्तुतः या गढ्या माणसांनीच बांधल्या. बहुतेक गढ्या इ. स. ५०० ते १००० या काळातील शेतकरी कुटुंबांची राहती ठिकाणे होत. आत घर, आणि गुरे राखण्यासाठी भोवती बांध. काहींच्या पोटात दगडी भुयारेही आहेत. देशभर अशा चाळीस हजारांहून अधिक गढ्या असल्याचे मानले जाते. आयरिश भाषेत त्यांना 'राथ' किंवा 'लिस' म्हणतात. लिसमोर हे गावाचे नाव त्यावरूनच पडले.

मूळ रहिवाशांचा विसर पडला, आणि लोककल्पनेने तेथे परींना वसविले. या परी बालगोष्टींतल्या गोजिरवाण्या नव्हेत. त्या मानी व कोपिष्ट. त्यांचे नाव घेणेही टाळून लोक त्यांना 'भली मंडळी' म्हणत. गढीवरील झाड तोडले, तर घरात दुखणे येते व गुरे मरतात, अशी समजूत होती. १९३७ ते १९३९ या काळात हजारो शाळकरी मुलांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून अशा कथा लिहून घेतल्या.

या भीतीने अनेक गढ्या वाचविल्या, हे आम्ही मान्य करतो. पुढे यंत्रे आली, भीती ओसरली, आणि कित्येक गढ्या सपाट झाल्या.

परंतु याच भीतीची दुसरी बाजूही वाचकांनी पाहावी. १८९५ साली टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लियरी नावाची तरुण विवाहिता आजारी पडली. डॉक्टरांनी औषध दिले होते. नवऱ्याची भिस्त मात्र जाणत्याच्या जडीबुटीवर. आपल्या पत्नीला परींनी गढीत नेले व तिच्या रूपाची दुसरीच कोणी घरात ठेवली, असे त्याने मनाशी घेतले. नातलगांच्या देखत तिचा छळ झाला आणि अखेर त्याने तिला जाळले. मग खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल, या आशेने तो रात्री गढीपाशी वाट पाहत बसला! न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा दिली.

पूर्वजांच्या खुणा जरूर जपाव्यात. त्यांच्या कथाही मुलांना सांगाव्यात. पण घरात कोणी अंथरुणाला खिळले, की कथा बाजूस ठेवून डॉक्टरांना बोलवावे आणि रोग्याच्या उशाशी बसावे, एवढेच आमचे सांगणे आहे.