घोरणं म्हणजे कंपवाताची चाहूल नव्हे

‘जो झोपेत घोरतो त्याला पुढे कंपवात होतो, हे अमेरिकेत सिद्ध झालंय.’ हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं, ओळखीच्या माणसांच्या तोंडून ऐकू येतं, आणि त्याच्या धास्तीनं धडधाकट माणसं मेंदूचा एमआरआय काढायला निघतात. सिद्ध झालंय ते वेगळंच आहे.

दाव्याचं मूळ बहुधा ऑगस्ट २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात असावं. एमआयटीतल्या दीना कताबी यांच्या गटानं ७,६७१ जणांच्या झोपेतल्या श्वासाच्या नोंदी वापरून एक संगणकप्रणाली तयार केली आणि तपासली. त्यांतल्या ७५७ जणांना कंपवात होता. काही नोंदी छातीभोवतीच्या पट्ट्यानं घेतलेल्या होत्या, काही खोलीत ठेवलेल्या, रेडिओलहरी सोडणाऱ्या राउटरसारख्या यंत्रानं. घोरण्याचा आवाज यात कुठेच मोजलेला नाही. मोजली ती रात्रभराच्या श्वासाची लय. शिवाय रुग्णांपैकी बहुतेकांचं निदान आधीच झालेलं होतं. निदानाच्या आधीच्या नोंदी मिळाल्या त्या मोजक्याच लोकांच्या.

लय आणि आवाज यांतला हा फरकच कोणी लक्षात घेत नाही. श्वासाची लय मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या भागात ठरते. अनेक रुग्णांत कंपवाताची झीज याच भागातून वर चढत जाते, अशी मांडणी हायको ब्राक यांनी २००३ मध्ये केली. त्यामुळे थरथर दिसण्याआधी श्वासाची लय बदलू शकेल, हा तर्क भक्कम आहे. घोरणं मात्र घशातलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते आणि मऊ टाळू थरथरतो. त्याची कारणं वाढलेलं वजन, चोंदलेलं नाक, रात्रीची दारू अशी असतात.

‘पण यंत्र ओळखतं ना?’ असं विचारणाऱ्यांनी एक हिशोब करून पाहावा. साठीपुढच्या हजार जणांत कंपवात असलेले साधारण दहा. समजा, चाचणी शंभरातल्या ८० रुग्णांना पकडते आणि शंभरातल्या ८० निरोग्यांना निरोगी म्हणते. मग दहापैकी आठ रुग्ण सापडतील, पण त्यांच्यासोबत १९८ निरोगी माणसांनाही ‘कंपवात’ असा निकाल हातात मिळेल. संशोधनासाठी हे साधन मोलाचं आहे, घरोघरी निदान करण्यासाठी नाही.

या गोंधळात हाताशी असलेला, बरा करता येण्याजोगा त्रास मागे पडतो, याचा मला सर्वांत जास्त संताप येतो. मोठ्यानं घोरता घोरता श्वास थांबणं, मग दचकून श्वास घेणं आणि दिवसभर पेंगणं हा स्लीप ॲप्निया असू शकतो. २०१९ च्या ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मधल्या अंदाजानुसार जगात ३० ते ६९ वयोगटातल्या ९३ कोटींहून अधिक लोकांना तो आहे. यांतल्या बहुतेकांना कंपवात होणार नाही, पण रक्तदाब वाढू शकतो. स्मरणशक्तीचाही प्रश्न आहेच: क्रिस्टीन याफे यांच्या २०११ च्या अभ्यासात झोपेत श्वास अडणाऱ्या वृद्ध स्त्रियांत पुढे बौद्धिक क्षमता घटण्याचं किंवा स्मृतिभ्रंशाचं प्रमाण इतरांहून जास्त आढळलं. याचा अर्थ ॲप्निया ही एक जोखीम आहे. स्मृतिभ्रंश सुरू झाल्याची ती खूण नाही, आणि या जोखमीवर आजच उपचार करता येतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘घोरतो म्हणजे गाढ झोपतो.’ ॲप्नियात झोप रात्रभर तुटत राहते.

‘झोपेत ओरडणं, लाथा झाडणं ही बाहेरची बाधा.’ स्वप्नात जे चाललंय तेच शरीर करू लागतं, अशा विकाराचं वर्णन १९८६ मध्ये शेंक आणि माहोवाल्ड यांनी केलं. या विकाराचं निदान पक्कं झालेल्या १,२८० जणांच्या २०१९ च्या पाहणीत १२ वर्षांत सुमारे ७३ टक्क्यांना कंपवातासारखा आजार किंवा स्मृतिभ्रंश होण्याचा अंदाज निघाला. चाहूलच शोधायची तर ती इथे आहे.

‘सगळे आवाज सारखेच.’ झोपेत श्वास आत घेताना येणारा उंच, कर्कश आवाज घोरण्याहून वेगळा असतो. मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी या मेंदूच्या आजारात तो येऊ शकतो आणि तो डॉक्टरांना लगेच सांगावा.

ॲप्नियाची शंका असेल तर शेजारी झोपणाऱ्यानं मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं चित्रण करून ठेवावं आणि ते छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. ते स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, सांगतील आणि गरज वाटली तर हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन.