मांचू साम्राज्यातील पहिले मतदार

– द्वितीय वर्ष कला

चीन म्हटले की आपल्याला १९११ आणि १९४९ या दोन क्रांत्या आठवतात. परंतु पहिल्या क्रांतीच्या आधी दोनच वर्षे तेथे दरबाराच्या आज्ञेने निवडणुका झाल्या होत्या, हे सहसा सांगितले जात नाही.

१९०५ मध्ये जपानने रशियाला हरवले. राज्यघटना असलेल्या लहान देशाने झारच्या निरंकुश सत्तेला नमवले, असा अर्थ अनेक चिनी सुशिक्षितांनी घेतला. मांचू दरबारानेही १९०६ मध्ये घटनात्मक राज्याची तयारी जाहीर केली आणि १९०८ मध्ये नऊ वर्षांचा कार्यक्रम आखला. त्यानुसार ऑक्टोबर १९०९ मध्ये २१ प्रांतिक सभा भरल्या.

पण मतदार कोण? २५ वर्षांवरील पुरुष. त्यातही माध्यमिक शिक्षण, जुन्या राजपरीक्षेची पदवी, अध्यापनाचा वा लोककार्याचा तीन वर्षांचा अनुभव, वरच्या दर्जाची सरकारी नोकरी किंवा ५,००० युआनची मालमत्ता यांपैकी काही असेल तोच. शंभर माणसांमागे एकही मतदार नव्हता! ही कसोटी आमच्या घराला लावून पाहिली. शाळेची पायरी न चढलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या माझ्या वडिलांना मत नाही. आईला तर स्त्री म्हणूनच नाही. मला मात्र आणखी सहा वर्षांनी मिळाले असते. शिकलेल्याने न शिकलेल्यांच्या वतीने बोलावे, असा तो न्याय होता.

परंतु हे निवडक लोकही दरबारापुढे गप्प बसले नाहीत. सभांना चर्चेचा अधिकार होता, अंमलबजावणीचा नव्हता. आपल्याकडे त्याच वर्षी मोर्ले-मिंटो सुधारणांनी वाढविलेल्या कायदेमंडळांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. च्यांग्सू सभेचे अध्यक्ष चांग च्येन आदींच्या पुढाकाराने १९१० मध्ये संसदेसाठी लागोपाठ तीन अर्ज गेले. दरबाराने १९१३ चा वायदा केला. मे १९११ मध्ये मंत्रिमंडळ आले, तर तेरा जणांत हान चिनी चारच; मांचू राजघराण्यातील मंडळींचाच भरणा! सनदशीर मार्गावरील अनेकांचा विश्वास तेथेच उडाला. ऑक्टोबरात वुचांगला उठाव होताच हूपे सभेचे अध्यक्ष तांग हुआलुंग क्रांतिकारकांना मिळाले. फेब्रुवारी १९१२ मध्ये बालसम्राटाने राज्यत्याग केला.

मित्रहो, ज्यांना बोलायला बोलावले त्यांचे ऐकले नाही, आणि बहुसंख्यांना बोलावलेच नाही. मग सिंहासनासाठी उभे कोण राहणार? आज माझ्या निरक्षर वडिलांचे मत आणि आमच्या प्राध्यापकांचे मत सारखेच मोजले जाते. ही गोष्ट किती मोठी आहे, हे मला चीनचा इतिहास वाचताना उमगले.