न जाणवणारे ऊन मोजणारी काच

"डॉक्टर, ऊन लागलंच नाही, उलट गारवा होता. मग नाक-गाल सोलले कसे?" महाबळेश्वरहून परतलेले रुग्ण मला हे हमखास विचारतात. उन्हाची ऊब जाणवते ती दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरणांमुळे. कातडी भाजते ती मात्र अतिनील किरणांनी, आणि ते ना दिसतात, ना जाणवतात. दर १,००० मीटर उंचीला त्यांची तीव्रता सुमारे १० टक्के वाढते. महाबळेश्वर आहे १,३५० मीटरच्या आसपास! पातळ ढगांतूनही हे किरण बरेचसे खाली येतात. जन्मभर उघड्यावर राबणाऱ्यांच्या मोतीबिंदूतही त्यांचा वाटा असतो.

हे किरण मोजायला शास्त्रज्ञ वापरतात तो पदार्थ आपल्या घरातलाच आहे. घामोळ्यांवरच्या कॅलामाइन लोशनमधले झिंक ऑक्साइड. कॅनबेऱ्याच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी २०१५ साली त्याचा फार संवेदनशील थर तयार केला. त्या देशात त्वचेचा कर्करोग फार, म्हणून तिथे ही निकड. जस्ताचे द्रावण ज्योतीत फवारायचे आणि वर काच धरायची. आपल्याकडे दिव्यावर वाटी धरून काजळ धरतात ना, अगदी तसे. मीटरच्या अब्जाव्या भागात मोजावे लागणारे कण काचेवर आपले आपणच रचले जातात. थर इतका सच्छिद्र की त्यात पदार्थ थोडा, पोकळीच जास्त.

पोकळीमुळे हवा प्रत्येक कणापर्यंत पोहोचते. अंधारात हवेतला प्राणवायू कणांना चिकटून त्यांचे इलेक्ट्रॉन अडवून धरतो, म्हणून वीज वाहत नाही. अतिनील किरण पडले की प्राणवायू सुटतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि काचेवरच्या बारीक तारांतून प्रवाह वाढतो. तो मोजला की किरणांची मात्रा कळली. साध्या प्रकाशात एवढी ताकद नसते. सुमारे ३७० नॅनोमीटरहून आखूड लहरीच हे काम करतात.

युक्ती मला फार आवडली, पण वैद्यक म्हणून एक शंका आहे. कातडी मुख्यतः आखूड लहरींच्या यूव्ही-बी किरणांनी भाजते, आणि हा थर यूव्ही-ए किरणांनाही दाद देतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून भाजण्याचा धोका ठरत नाही, हिशेब वेगळा करावा लागतो. शिवाय दमट हवेचाही अशा थरावर परिणाम होतो.

शेतात उपकरण कुठून आणणार? तिथे स्वतःची सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर अतिनील किरण जोरात आहेत. टोपी, पदर किंवा उपरणे डोक्यावर घ्यावे.