उद्यान आणि मॉल : मुंबईतील जमिनीचा विनियोग

उद्यान : विकास आराखड्यात सार्वजनिक मोकळी जागा म्हणून आरक्षित झालेली, बहुतांशी माती, तृण व वृक्ष यांनीच आच्छादित असल्यामुळे पर्जन्यजल भूमीत मुरू देणारी जमीन. येथे येणाऱ्यास काही खरेदी करावी लागत नाही, हा तिचा मोठाच गुण.

मॉल : खाजगी मालकीची, बहुमजली बांधकामाने व वाहनतळाने व्यापलेली जमीन, तिचे माप भूखंडापेक्षा चटई क्षेत्रावरून होते. चटई क्षेत्र निर्देशांक १.३३ असता १,००० चौरस मीटर भूखंडावर १,३३० चौरस मीटर बांधकाम अनुज्ञेय ठरते.

शिवाजी पार्क, दादर : १९२५ पासून लोकांस खुले, क्षेत्र सुमारे २८ एकर.

गिरण्यांच्या जमिनी : १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमान्वये, पुनर्विकासास निघालेल्या गिरणीच्या जमिनीची एक तृतीयांश वाटणी मोकळ्या जागांसाठी महापालिकेकडे, तितकीच सार्वजनिक घरबांधणीसाठी म्हाडाकडे आणि उर्वरित मालकाकडे, अशी सामान्यतः अभिप्रेत होती, परंतु २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती सीमित झाली, व उद्यानांचा वाटा फारच आक्रसला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरविली.

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल उभा आहे.