स्वतंत्र तबकडीची कथा

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें. परंतु त्या काळीं गाणें गायचें येथें आणि तबकडी बनून यायची जर्मनींतील हॅनोव्हर शहरांतून, असा प्रकार होता. १९०८ मध्यें कलकत्त्यास कारखाना निघाला खरा. मात्र तो परकीय कंपनीचाच. गळा या देशांतला, तबकडीसाठीं लागणारी लाखही याच देशांतली. आणि कोणाचा आवाज जगानें ऐकावा, हें ठरविणारा मात्र तिसराच!

या विषम व्यवस्थेस मुंबईनें उत्तर दिलें. १९३५ सालीं नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली आणि तिनें आपल्या तबकड्यांस ‘यंग इंडिया’ असें नांव दिलें. नामवंत कलावंत बहुधा मोठ्या कंपनीशीं करारानें बांधलेले. तेव्हां या कंपनीनें नवख्या व हौशी गायकांना जवळ केलें. दहा इंची तबकडी, मिनिटास ७८ फेरे आणि एका बाजूस सुमारें ३ मिनिटें, एवढ्या जागेंत रागदारी, चित्रपटगीत, लोकगीत सारें बसवावें लागे. १९५५ सालीं कंपनी बंद पडली. तोंवर वीस वर्षांत दहा हजारांवर मुद्रणें बाहेर आलीं होतीं.

हाच प्रश्न पुढें इंग्लंडांतही उभा राहिला. तेथें १९७६ च्या सुमारास ‘पंक’ नांवाचें रांगडें, द्रुत लयीचें संगीत तरुणांत पसरलें. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या संचानें आप्तमित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्यें ‘न्यू हॉर्मोन्स’ या स्वतःच्या छापाखालीं ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी काढली. प्रथम प्रती निघाल्या अवघ्या १०००. पुढें खप सुमारें १६ हजारांवर गेला.

या दोन प्रयत्नांतील भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. मुंबईच्या कंपनीस तबकड्या बनविण्याचा व्यापच अंगावर घ्यावा लागला. यंत्रें चालतीं ठेवावयाचीं तर सतत माल निघाला पाहिजे आणि तो खपलाही पाहिजे. मँचेस्टरच्या तरुणांनीं तबकड्या दुसऱ्याच्या कारखान्यांतून दाबून घेतल्या. भांडवल थोडें, म्हणून जोखीमही थोडी. ज्याच्यापाशीं यंत्र नाहीं त्यालाही प्रकाशक होतां येतें, हें त्यांनीं दाखविलें.

तथापि मुद्रण करणें निराळें आणि तें टिकविणें निराळें. ‘यंग इंडिया’ची कंपनी गेली, आवाज उरले ते संग्राहकांच्या कपाटांत. १९९० सालीं मुंबईंत अशा संग्राहकांची संस्था स्थापन झाली. पुढें ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्यानें या तबकड्यांचें संगणकीय जतनही झालें. नांदेडजवळील विष्णुपुरीच्या विद्यापीठांत शिकणारा विद्यार्थी आज गोदाकांठची ओवी हातांतील फोनवर सहज टिपूं शकतो. त्यास कंपनीही नको, कारखानाही नको. परंतु गाणारीचें नांव, गांव आणि तारीख त्यानें सोबत लिहून ठेविली नाहीं, तर उद्यां तो आवाज कोणाचा म्हणून ओळखावा?